पाचवा कोपरा

मागच्या महिन्यात आमच्या डोंबिवलीच्या मंडळात ताणतणाव या विषयावर एका बाईंचं व्याख्यान झालं. बाई चांगल्या बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "घरात स्वतःचा एक कोपरा तयार करा. एक चटई, एक कुंडी, आवडीचं पुस्तक. रोज अर्धा तास तिथं फक्त स्वतःसाठी बसा." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतली, चार घरची धुणीभांडी करणारी आमची एक मैत्रीण उठून म्हणाली, "ताई, आमच्या घराला चारच कोपरे. एकात मोरी, एकात गॅस, एकात सासऱ्याची खाट आन् चौथ्यात टीव्ही. पाचवा कुठून आणू?"

हशा पिकला. व्याख्यात्या बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "मग मनात करा!"

मैत्रिणींनो, मला राग आला तो या उत्तराचा. बाईला जे प्रत्यक्षात द्यायचं नाही, ते तिनं मनात करून घ्यावं, हा सल्ला आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या मिळत आला आहे. कोपरा हवाच. व्याख्यात्या बाईंपेक्षा मला तो जास्त हवा आहे. पण चटई आणि कुंडी आणली की कोपरा होतो, हे मला मान्य नाही. घरातली जागा कुणी, कशी वाटून घेतली आहे, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

माझ्यापासूनच सुरुवात करते. आमचं घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असं. २०२० च्या टाळेबंदीत सगळे घरात अडकलो. दार असलेली खोली यांच्या ऑफिसच्या कामाला गेली, बाहेरची खोली मुलाच्या. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. माझे तास मी ओट्याला टेकून घेतले, फोन मिठाच्या बरणीला उभा करून, एक डोळा दुधावर ठेवून. मला तिथं कुणी ढकललं नव्हतं. 'तू कुठं बसशील?' असं कुणी विचारलंच नाही, एवढंच. आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही.

जुन्या घरांचं तरी काय होतं? ओटी, पडवी, माडी पुरुषांची. माजघर आणि स्वयंपाकघर बायकांचं. म्हणजे बाईला जागा होती, पण ती कामाची. बसण्याची नव्हती. कैकेयीला निदान कोपभवन होतं. रागावलेल्या बाईनं जाऊन बसावं अशी एक जागा त्या राजवाड्यात होती आणि ती तिथं गेली की राजाला दारात यावं लागलं. अर्थात ते राणीसाठी. मंथरेला असं भवन कुणी बांधलं नव्हतं.

आमच्या बैठकीत एक आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी बाजूला बसायचे ते तीन दिवस बरे होते. तेवढीच विश्रांती." हे आपण पुष्कळदा ऐकतो आणि हळवे होतो. पण जरा विचार करा. महिन्यातून तीन दिवस पाठ टेकायची तर त्याची किंमत म्हणून 'मी विटाळलेली आहे' हे कबूल करायचं. माणूस म्हणून विसावा मिळत नाही, अपवित्र म्हणून मिळतो! आजींना दोष नाही, त्यांनी मिळाली तेवढी जागा वापरली. ज्या व्यवस्थेत बाईला एवढ्याच वाटेनं एकटं बसता येत होतं, तिचे गोडवे मात्र आपण गाऊ नयेत.

आज घरात कडी लावली तर 'का लावली?' असं कुणी विचारत नाही, अशी बाईची जागा एकच : न्हाणीघर. नळ सोडून रडलेली नाही अशी आपल्यात कोण आहे? आणि चाळीतल्या खोलीत मोरीला दार नसतं, पडदा असतो. तिथं तेवढंही नाही.

यावर लगेच उत्तर येतं की जागाच नाही, त्याला कोण काय करणार? मुंबईच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तिथं आठ-आठ, दहा-दहा माणसं राहिली. अडचण खरीच. पण त्या १६० फुटांतही खाट कुणाची आणि जमीन कुणाची, हे ठरलेलं असे. उलट मोठ्या बंगल्यात जा. देवघर असतं, पाहुण्यांची खोली असते, साहेबांची अभ्यासिका असते, गाडीलासुद्धा छप्पर असतं. घरच्या बाईची जागा विचारली की त्या म्हणतात, "सगळं घर माझंच आहे." सगळं घर जिचं, तिला बसायला कोपरा नाही, हे कोडं फुटांनी सुटणारं नाही.

समजा, कोपरा मिळाला. बसणार कधी? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका रोज सरासरी २८९ मिनिटं या बिनपगारी कामात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. फरक तीन तास एकवीस मिनिटांचा. व्याख्यानातला अर्धा तास या तीन तासांतून यायला हवा. बाईच्या झोपेतून नको.

आणि पायाखालची जमीन? व्हर्जिनिया वुल्फनं १९२९ साली लिहिलं की बाईला लिहायचं तर स्वतःची खोली हवी आणि वर्षाला पाचशे पौंड हवेत. खोली आपण लक्षात ठेवली, पौंड विसरलो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या १७ व्या कलमानं बाईला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला, मग घर तिच्या नावावर असो वा नसो. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालानं सासू-सासऱ्यांच्या नावावरच्या घरांपुरता तो आखडला. २०२० साली त्याच न्यायालयानं तो निकाल चुकीचा ठरवला. चौदा वर्षं! या काळात किती जणींना 'हे घर तुझ्या नवऱ्याचं नाहीच' असं सांगून उंबऱ्याबाहेर काढलं असेल? जिला घरातूनच काढता येतं, तिच्या कोपऱ्यातल्या कुंडीचं काय घेऊन बसलात!

काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतील, हे पांढरपेशा बाईचं दुखणं आहे, आधी भाकरीचं बघा. म्हणून बैठक संपल्यावर मी त्या मागच्या रांगेतल्या मैत्रिणीलाच विचारलं, "तुला पाचवा कोपरा मिळाला तर काय करशील?" ती म्हणाली, "पत्र्याची पेटी ठेवीन. कुलपाची. आधीची त्यानं फोडली. पासबुक नेलं, पोरीच्या फीचे पैसे नेले." तिला एकांत आणि भाकरी वेगळ्या करून सांगता आल्या नाहीत. आपणही करू नयेत. बंगालमधल्या राससुंदरी देवींनी एकोणिसाव्या शतकात पोथीचं एक पान स्वयंपाकघरात लपवून चोरून अक्षरओळख करून घेतली. लपवायला जागा मिळाली म्हणून त्या वाचायला शिकल्या.

आता एक कबुली. दोन वर्षांपूर्वी मुलाचं लग्न झालं. सून नोकरी करते. एका रविवारी दुपारी तिनं खोलीचं दार आतून लावलं. मुलगा बाहेर गेलेला. मी दार वाजवलं आणि विचारलं, "बरं नाही का? दार का लावलंस?" ती गोंधळून बाहेर आली आणि भाज्या चिरायला बसली. बऱ्याच दिवसांनी तिनं सांगितलं, "आई, मी नुसती पडले होते." ओट्यावर तास घेतलेली मी, त्या दिवशी दाराबाहेर व्यवस्थेची पहारेकरीण होऊन उभी होते. आता मी दार वाजवत नाही. ते लावलेलं असतं तेव्हा भाजी मी चिरते, किंवा हे चिरतात. यांना अजून जाड चिरता येते. खातो आम्ही.

गटांना माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या घराचा नकाशा कागदावर काढावा. कोण कुठं बसतं, कोण कुठं झोपतं, कडी कुठं आहे, कुलूप कुणाचं, घराच्या कागदावर नाव कुणाचं, हे त्यावर लिहावं. तो कागद घरी न्यावा आणि जेवताना सगळ्यांपुढं ठेवावा. भांडण होईल. होऊ द्या.

आणि मंडळाच्या खोलीची किल्ली आठवड्यातून एक दुपार मोकळी ठेवा. व्याख्यान नको, शिवणवर्ग नको, हळदीकुंकू नको. जिला यायचं तिनं यावं, भिंतीला टेकून बसावं, पेटी ठेवायची असेल तर ठेवावी. 'का आलीस?' असं तिला कुणी विचारू नये. आमच्या मंडळात येत्या बुधवारपासून आम्ही हे सुरू करतो आहोत. पत्र्याच्या एका पेटीची जागा आधीच राखून ठेवली आहे.