मेंढ्या गेल्या कुठे?

डायानाचे माहेर असलेले स्पेन्सर घराणे वर आले ते मेंढ्यांच्या कळपांवर. १५०८ साली ऑल्थॉर्प विकत घेतले तेही त्याच पैशाने. त्यात लाज कसली? पण सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्यांना मध्ययुगीन डिस्पेन्सर सरदार पूर्वज म्हणून हवेसे झाले, आणि वंशावळी तपासणे हेच ज्यांचे काम, त्या राजनियुक्त अधिकाऱ्यांपैकी एकाने तशी वंशावळ जुळवूनही दिली! १९०१ साली इतिहासकार जे. होरेस राउंड यांनी तिचे वाभाडे काढले. नामसादृश्यालाच पुरावा मानणारे हौशी वंशशोधक मात्र आजही याच वाटेने नॉर्मन सरदारांपर्यंत पोहोचतात. मला हा सरळ कृतघ्नपणा वाटतो. घर उभे करणाऱ्या जॉन स्पेन्सरला १५०४ साली समुद्रपक्ष्यांच्या मुंडक्यांचे कुलचिन्ह मिळाले होते. वंशजांनी ते बाजूला सारून डिस्पेन्सरांचीच ढाल, वर तीन शिंपले चढवून, आपली म्हणून मिरवली.