किलोमीटरला रुपया

दरवर्षी डिसेंबरात आम्ही सहाजण बेळगावहून सायकली काढतो आणि जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी करत सर्वणला पोचतो. सर्वण म्हणजे डिचोली तालुक्यातलं, कारापूरला लागून असलेलं गाव. तिथं आमच्या मित्राचं घर आहे. मित्र मात्र नाही. तोंडाच्या कर्करोगानं तो गेला. शिकायला बेळगावात आला, आमच्यात राहून कन्नड बोलायला लागला आणि दिवाळीच्या सुट्टीत एसटी सोडून सायकलनं घरी जायची खोड त्याचीच. ती आम्ही पुढे चालवली, एवढंच.

अंतर शंभराच्या आतलं. एका दमात दोनशे-तीनशे किलोमीटर मारणारी हल्लीची पोरं हे ऐकून हसतील. पण आमची सगळ्यांची पन्नाशी उलटलेली. कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथपर्यंत रस्ता दमवतो. पुढे घाटाचा उतार घाबरवतो. चढ छातीला कळतो, उतार मनगटांना. जांबोटीचा चहावाला निघताना दरवेळी सांगतो, "सावकाश होग्री!" सावकाश हा शब्द आपल्याकडं दोन्ही भाषांत एकच, भाषांतराची गरज नाही.

पैसे जमवायची रीत साधी आहे. ओळखीच्या माणसानं किलोमीटरला एक रुपया द्यायचा. बहुतेकजण शंभराची नोट काढतात आणि सुटे परत मागत नाहीत. कॅनडाच्या टेरी फॉक्सचा हिशोबही असाच होता. कर्करोगानं उजवा पाय गेलेला हा पोरगा 12 एप्रिल 1980 ला कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला. प्रत्येक देशवासीयानं एक डॉलर द्यावा, एवढीच त्याची मागणी. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर झाले, मग रोग फुफ्फुसात गेला आणि पळणं थांबलं. पुढच्या जूनमध्ये, बाविसाव्या वर्षी तो गेला. पण त्याआधीच माणशी डॉलर जमला होता.

यंदा आमच्यात वाद झाला. एका पानमसाला वितरकानं सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली. टी-शर्ट, मित्राच्या फोटोचा फलक, मागं जीप, वर भरघोस देणगी. दोघांना ते पटलं. "पैसा रुग्णाकडंच जाणार ना, मग कुणाचा का असेना?" वितरकाचं म्हणणं असं, की गुटखा महाराष्ट्रात 2012 ला आणि कर्नाटकात 2013 ला बंद झाला, आमच्या मालात तंबाखू नाही, नुसती सुपारी. मंडळी, सुपारी आपल्या दोन्ही घरांतली. पूजेला लागते, आमंत्रणाला लागते, कितीतरी कुटुंबं तिच्या बागांवर जगतात. म्हणूनच हे सांगणं जिवावर येतं, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 सालीच तंबाखूविना सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलंय. मित्राच्या गालात पहिल्यांदा झाला तो पांढरा चट्टा. दुखत नव्हता, म्हणून त्यानं कुणाला दाखवला नाही. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम दुखो वा न दुखो, दाखवावी. दंतवैद्यालासुद्धा ती ओळखता येते.

निवाडा वहिनींवर सोपवला. फोनवर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या.
"भावजी, त्या पाकिटांबरोबर ह्यांचा फोटो नको. आणि जीप कशाला? तुमच्या जीपला लागतील तेवढ्यात कुणाची तरी दहा दिवसांची खोली होईल."

खोलीचं त्या अनुभवानं बोलतात. थिवीहून रेल्वेनं दादर, तिथून परळचं टाटा हॉस्पिटल, अशा किती खेपा केल्या त्यांनी. उपचाराला निघालेल्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एकालाही मोठी सवलत मिळते. ते सगळ्यांना माहीत नसतं, म्हणून इथं लिहिलं. पण मुंबईत उतरल्यावर काय? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा कुटुंबांचा मोठा आधार आहे, तरी जागा माणसांपेक्षा कमीच पडते. वहिनींच्या वहीत औषधांच्या रकमांखाली खोलीभाडं, टॅक्सी, दूध, गावी राहिलेल्या सासूबाईंना पाठवलेले पैसे, असं सगळं लिहिलंय.

त्या हॉस्पिटलशी आपल्या बेळगावचा एक जुना धागा आहे. 1920 साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. ती शर्यत 42.75 किलोमीटरची, नेहमीपेक्षा लांब. चौगुले एकोणिसावे आले. त्या संघाला पाठवण्यात पुढाकार आणि पैसा होता सर दोराबजी टाटांचा. त्यांच्या पत्नी मेहेरबाई लहानपणी बंगळूर-म्हैसूरला वाढलेल्या. 1931 मध्ये त्या रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. दुसऱ्याच वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावानं या रोगाच्या संशोधनासाठी निधी उभा केला, आपली संपत्ती विश्वस्त संस्थेला दिली आणि तेही गेले. त्याच संस्थेनं 28 फेब्रुवारी 1941 ला परळचं हॉस्पिटल उघडलं. समोरच्या रस्त्याला नाव आहे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं, तेही मूळ गोव्याचेच. गेलेल्या माणसाच्या आठवणीचं करायचं काय, हा प्रश्न एवढ्या श्रीमंतालाही पडला होता तर!

वितरकाला नकार कळवला. चिडले, पण रीतीला धरून चिडले. ज्या दोघांना ते पटलं होतं, त्यातला एकजण अजून म्हणतो की आपण मोठी रक्कम घालवली. त्याचं अगदीच चूक नाही. तरी टायर बदलायला पहिला तोच गेला.

यंदाचे पैसे मुंबईच्या खोलीभाड्यालाच जाणार आहेत. तिघांची नावं वहिनींकडं आलीत, एक खानापूरकडचं आणि दोन डिचोलीकडची. पावत्या त्या स्वतः लिहितात, घेणाऱ्याला येईल त्या भाषेत. कन्नड लिहायला मात्र त्यांना आमच्यापैकी कुणीतरी लागतं.