डाव्या पायाची बाजू

परवा आमच्या एका प्राध्यापक स्नेह्यांनी नवी मोटार घेतली. ती ऑटोमॅटिक आहे, हे सांगताना त्यांच्या स्वरात थोडी अपराधी छटा होती. 'गुडघा साथ देत नाही हो आता,' असे स्पष्टीकरणही त्यांनी कुणी न विचारता देऊन टाकले. बैठकीतल्या दुसऱ्या गृहस्थांनी लगेच शेरा मारला, 'म्हणजे यापुढे तुम्ही गाडी चालवणार नाही, गाडी तुम्हांला नेणार!' सगळे हसले, मीही हसलो. घरी परतताना मात्र या विनोदामागचे गृहीतक मला सतावू लागले. हाताने गिअर बदलणारा तोच खरा चालक, हे आपण कधी आणि कुणाच्या अनुभवावरून ठरवले?

गिअरच्या गाडीची बाजू दुबळी नाही, हे आधी मान्य करायला हवे. इंजिनाची ताकद ठरावीक वेगमर्यादेतच नीट मिळते. ती चाकांपर्यंत योग्य प्रमाणात पोचवायची तर गिअर बदलावा लागतो, आणि तो बदलताना क्लच दाबून इंजिन व चाके यांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो. हे सारे चालक कानाने आणि तळपायाने ओळखतो. दादरच्या टिळक पुलाच्या चढावर गर्दीत थांबलेली गाडी मागे न घरंगळू देता पुढे काढणे ज्याला पहिल्यांदा जमले, त्याला तो क्षण सहसा विसरता येत नाही. हाफ क्लच नेमका कुठे धरतो, हे पुस्तकातून शिकता येत नाही, शरीरालाच ते समजावे लागते. शिवाय गिअरची गाडी स्वस्त असते आणि गल्लीतला मेकॅनिकही ती दुरुस्त करू शकतो.

परंतु हे वर्णन रोजच्या प्रवासाला कितपत लागू पडते? गिरगावातून ऑपेरा हाउस, लॅमिंग्टन रोड, भायखळा, लालबाग, परळ असे करत संध्याकाळी दादर गाठून पाहावे. अंतर जेमतेम आठ-नऊ किलोमीटर. पहिला गिअर, न्यूट्रल, पुन्हा पहिला, क्वचित दुसरा. २०११ साली खुल्या झालेल्या लालबागच्या उड्डाणपुलावर तिसऱ्या-चौथ्याची संधी मिळाली तर मिळाली. पुलाखालून जाणाऱ्याला, त्यातही गणपतीच्या दिवसांत, तीही नाही. इथे यंत्राशी संवाद वगैरे काही घडत नाही. एकच वाक्य शेकडो वेळा घोटून घ्यावे तसा डावा पाय क्लचवर दाबला जातो आणि उचलला जातो. हौसेने रविवारी लोणावळ्याचा घाट चढणारा आणि बारा तास याच रस्त्यांवर भाडी मारणारा, हे दोघे एकाच वस्तूला क्लच म्हणतात खरे. पण त्या शब्दाचा दोघांचा अर्थ एक नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात शेवटची पद्मिनी नोंदली गेली ती २००३ च्या ऑक्टोबरात. त्या आठवड्यात केवढे स्मरणरंजन झाले! स्टिअरिंगच्या दांड्याला डावीकडे असलेला तो गिअर, त्यामुळे पुढे अखंड राहिलेले बाकासारखे आसन, चालकाशेजारी बसून केलेल्या गप्पा. मीही त्यात मनोमन सामील होतो. मात्र हे सारे लिहिणारे आम्ही बहुतेक मागच्या किंवा शेजारच्या आसनावरचे लोक होतो. तो अवजड गिअर टाकणाऱ्या हाताला आणि घट्ट क्लच दाबणाऱ्या पायाला त्याबद्दल काय वाटत होते, हे आम्ही क्वचितच विचारले. दुसऱ्याच्या श्रमांचे सौंदर्य अंतरावरून पाहणे ही साहित्याच्या वाचकांची जुनी सवय आहे. जात्यावरच्या ओव्यांचा गोडवा गाताना दळणारीचे खांदे आपण असेच विसरतो.

या तंत्राचा इतिहासही हेच सुचवतो. अमेरिकेत ओल्डस्मोबाईल मोटारींत पूर्ण स्वयंचलित गिअर १९४० च्या सुमाराला आला. आपल्याकडे सामान्य खरेदीदाराच्या आवाक्यात तो आला २०१४ मध्ये, मारुतीच्या सेलेरिओतून. त्या गाडीत क्लच आणि गिअर नेहमीचेच असतात. फक्त ते हलवण्याचे काम संगणकाच्या आज्ञेने यंत्र करते. म्हणून ती स्वस्त पडते, आणि म्हणूनच गिअर बदलताना किंचित अडखळतेही. मुंबईची टॅक्सी मात्र सीएनजीवर चालते, आणि सीएनजीची मोटार कारखान्यातूनच अशा गिअरसह मिळू लागली ती २०२४ मध्ये. याचा अर्थ असा, की दिवसाकाठी दोन तास गाडी चालवणाऱ्याच्या गुडघ्याला विसावा आधी मिळाला. बारा तास चालवणाऱ्याच्या गुडघ्यापर्यंत तो दहा वर्षांनी पोचू लागला.

'खरा चालक' या कल्पनेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. १९८४ साली कायनेटिक होंडा आली तेव्हा बिनगिअरची स्कूटर ही 'बायकांची गाडी' ठरली. कायद्यातही दुचाकीचे परवाने गिअरच्या आणि बिनगिअरच्या गाडीसाठी वेगळे आहेत. हलक्या मोटारीला असा भेद नाही. त्या बिनगिअरच्या स्कूटरने असंख्य मराठी स्त्रियांना नोकरीला, मुलांच्या शाळेत, रात्रीच्या नाटकाला स्वतःच्या बळावर पोचवले. तिला हसणारे पुरुष पुढे मुकाट्याने ॲक्टिव्हावर बसले. मोटारीतल्या गिअरविषयीचा अभिमान याच जातकुळीचा आहे.

मग स्वयंचलित गाडी आली की सारे आलबेल झाले म्हणायचे का? माझी शंका इथून सुरू होते. बिनक्लचचे वाहन या शहराला नवे नाही. १९०७ पासून ३१ मार्च १९६४ पर्यंत मुंबईत विजेवरची ट्राम धावली. तिचा चालक एक दांडा फिरवून वेग बदलत असे. आज विजेवरच्या बसगाड्यांतही क्लच नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत विजेवरची वातानुकूलित दुमजली बस आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जुनी डिझेलची दुमजली बस निरोप घेऊन गेली. मात्र या नव्या बसगाड्यांपैकी पुष्कळशा कंत्राटदारांच्या आहेत आणि त्यांचे चालकही बेस्टचे कायम नोकर नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये याच कंत्राटी चालकांना पगारवाढीसाठी संप करावा लागला. क्लच गेल्यामुळे कायम नोकरी गेली, असे मी म्हणत नाही. दोन्ही गोष्टी एकाच काळात, एकाच आसनावर घडल्या, एवढे मात्र दिसते.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला विजेवरची एक बस गर्दीत घुसली आणि अनेकांचे प्राण गेले. त्या घटनेतला दोष ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण गिअरच्या लहान बसवरून स्वयंचलित मोठ्या बसवर आलेल्या चालकाला पुरेसे प्रशिक्षण मिळते का, हा प्रश्न त्यानंतर सर्वत्र विचारला गेला, आणि तो अगदी रास्त होता. गिअर यंत्राने बदलला म्हणून चालकाचे कौशल्य संपत नाही, ते बदलते. अनेक वर्षांच्या सवयीने डावा पाय जे करतो ते विसरायला, आणि विजेची गाडी किती चटकन उसळी घेते हे उजव्या पायाला शिकवायला वेळ लागतो. 'ही तर सोपी गाडी' असे म्हणून तो वेळ नाकारणे म्हणजे 'खरा चालक'वाल्यांचीच चूक उलट्या बाजूने करणे होय.

परळ-लालबागच्या माणसाला हे नव्याने सांगण्याची गरज नाही. १९२८ साली गिरणी कामगारांनी कित्येक महिने संप केला तो याच प्रश्नावर. एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, अशी सुधारणा मालकांनी आणली होती. कामगार मागाच्या विरोधात नव्हते; सुधारणेचा लाभ कुणाच्या पदरात पडणार, एवढेच ते विचारत होते. त्या गिरण्यांच्या जागी आज टॉवर आहेत आणि त्यांच्या वाहनतळांवर ऑटोमॅटिक मोटारी उभ्या आहेत. प्रश्न मात्र तिथेच आहे.

स्नेह्यांना मी दुसऱ्या दिवशी फोन केला आणि गाडीबद्दल मनापासून अभिनंदन केले. गुडघ्याचे कारण सांगायची काहीच गरज नव्हती, असेही म्हणालो. त्यांनी थोडे थांबून विचारले, 'आमच्या ड्रायव्हरलाही बरे पडेल, नाही का?' इतक्या वर्षांत त्याच्या गुडघ्याची चौकशी आमच्यापैकी कुणीच केली नव्हती.