मागचे शॉकअप, घरच्या घरी
पावसाळा सरला की खड्ड्यांचा सगळा हिशेब गाडीच्या मागच्या शॉकअपवर निघतो. डिकी जोरात दाबून सोडल्यावर गाडी चटकन स्थिरावली नाही, नळकांड्यावर तेल ओघळलेले दिसले किंवा टायर जागोजागी खोलगट झिजला, तर शॉकअपचे दिवस भरले असे समजावे. गाडीचे वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप तिची उसळी जिरवतो. आतले तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि हालचालीची उष्णता होते. अनेक सेदानमध्ये मागची स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, म्हणूनच हे काम पाने हाताळता येणाऱ्या हौशी माणसाच्या आवाक्यातले. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारावे. पुढच्या चाकांना दगड लावावेत, गाडी भक्कम स्टँडवर टेकवावी आणि खालचा बोल्ट काढण्याआधी ॲक्सलला जॅकचा आधार द्यावा. नाहीतर ॲक्सल खाली येऊन ब्रेकची नळी ताणली जाते. शॉकअप जोडीनेच बदलावेत, कारण एक ताजा आणि एक थकलेला असला की वळणावर गाडी बिनसते. रबरी बुशचा बोल्ट शेवटी, चाकांवर वजन आल्यावरच पुरता आवळावा. अधांतरी आवळला तर रबर पिळलेले राहते आणि लवकर फाटते. मजुरी वाचवा, जीव नाही: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.