लोकसभेत पास, राज्यसभेत नापास!

“बहुमत सरकारचंच, मग विरोधक भांडतात कशाला?” असं वर्गातली मुलं हमखास विचारतात. २००२ सालची गोष्ट ऐका. दहशतवाद रोखण्यासाठी सरकारने ‘पोटा’ विधेयक आणलं. बड्या पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब त्यात कोर्टात पुरावा ठरणार होता. विरोधक म्हणाले, मारून-मुटकून वदवून घेतला तर? (प्रश्न रास्तच होता!) सरकार म्हणालं, डिसेंबर २००१ मध्ये संसदेवरच हल्ला झाला, नेहमीचे कायदे पुरत नाहीत. लोकसभेने विधेयक मंजूर केलं, राज्यसभेने फेटाळलं. मग २६ मार्चला दोन्ही सभागृहं एकत्र बसली. ४२५ विरुद्ध २९६ मतांनी सरकार जिंकलं. पुढे निवडणुकीत सरकार बदललं आणि २००४ सालीच पोटा रद्द झाला.