कांपालची हिरवळ कोणाची?

पणजीत राहण्याचे सुख म्हणजे काय, असे कोणी विचारले तर बहुतेकांचे बोट कांपालकडे जाईल. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला जुन्या छायावृक्षांची रांग आणि मधोमध बागा, मुलांचे उद्यान व मोकळे मैदान. पहाटे फिरायला येणारे ज्येष्ठ, दुपारी सावलीत डबा उघडणारे कामगार आणि संध्याकाळी नातवंडांना घेऊन येणाऱ्या आज्या, या सर्वांना हा परिसर तिकीट न विचारता सामावून घेतो. शेजारच्या सांतिनेज व मिरामारच्या रहिवाशांसाठी तर तो घराचाच विस्तार आहे. मात्र हे सुख आपोआप टिकणारे नाही. पावसाळा ओसरून महोत्सवांचा आणि पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की ही जागा नेमकी कोणाची, हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो.

कांपाल ही निसर्गाने आयती दिलेली देणगी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रु यांच्या कारकिर्दीत पणजीची आखणी झाली, तेव्हा हा भाग मोकळा राखून विकसित करण्यात आला. ‘कांपाल’ हे नावही त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मैदानावरून रूढ झाले. १८४३ मध्ये पणजीला अधिकृत राजधानीचा दर्जा मिळाला. पुढे मुक्त गोव्यात चार्ल्स कोरिया यांनी कला अकादमीची वास्तू रचताना रस्त्यावरून नदीपर्यंत नजर आणि पाऊल दोन्ही सहज पोहोचतील, याची काळजी घेतली. काठ आणि हिरवळ सर्वांची, हा विचार येथे राजवटी बदलल्या तरी टिकून राहिला.

आज या विचारावर तीन बाजूंनी ताण येतो. पहिला ताण सोहळ्यांचा. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो. त्याशिवाय कला महोत्सव, प्रदर्शने आणि शासकीय कार्यक्रम यांनाही हाच परिसर सोयीचा वाटतो. यातील अनेक उपक्रम शहराचे वैभव वाढवणारे आहेत, हे नाकारता येत नाही. परंतु सोहळा चार दिवसांचा असला तरी मंडप उभारणे आणि काढणे यांत त्याहून अधिक दिवस जातात. दाबली गेलेली माती पाणी मुरू देत नाही आणि गवत पुन्हा धरायला आठवडे लागतात. दुसरा ताण वाहनांचा. कार्यक्रम असो वा नदीतील कॅसिनो, पाहुणा बहुधा मोटारीने येतो आणि पदपथ हेच वाहनतळ होऊन बसतात. तिसरा ताण तथाकथित सुशोभीकरणाचा. गोव्यात १९८४ पासून वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे आणि परवानगीविना झाड तोडता येत नाही. मात्र बुंध्यापर्यंत फरशी आणि काँक्रीट भिडवले की झाड कुऱ्हाडीविनाही हळूहळू खचते.

कायद्याची बाजू नागरिकांना अनुकूल आहे. बेंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय रहिवाशांनी न्यायालयात नेला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो रद्द ठरवला आणि मोकळ्या जागेच्या रक्षणासाठी दाद मागण्याचा रहिवाशांचा हक्कही मान्य केला. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे हा विषय नगरसंस्थांच्या कामांत गणला आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे.

दादरच्या शिवाजी पार्कचे उदाहरण येथे उपयोगी पडते. मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात गोवाही येतो. याच न्यायालयाने २०१० मध्ये रहिवाशांच्या याचिकेवर ते मैदान शांतता क्षेत्र ठरवले. पुढे क्रीडेतर कार्यक्रमांसाठी वर्षातील ४५ दिवसांची मर्यादा घालण्यात आली. त्यामुळे सभा आणि सोहळे बंद पडले नाहीत. उलट मैदानाची परंपरा आणि शेजाऱ्यांची झोप यांच्यात एक हिशेब ठरला. त्या हिशेबावर वाद होतात, पण वाद घालण्यासाठी आकडा तरी हाती असतो.

दुसरीकडे एक सावधगिरीही हवी. उद्यानाशेजारी राहणाऱ्यांना बाग आपलीच वाटू लागते आणि शांततेच्या नावाखाली कुंपण, शुल्क, ठरावीक वेळा यांची मागणी पुढे येते. ज्यांच्या घरी अंगण नाही, एका खोलीत चार-पाच जण राहतात, त्यांच्या मुलांना झोपाळ्याची गरज सर्वाधिक असते. दारावर दहा रुपये लावले तर सर्वप्रथम तीच मुले गळतील. म्हणूनच हा प्रश्न रहिवासी विरुद्ध पाहुणे असा मांडणे चुकीचे ठरेल. रोजच्या वापराला अग्रक्रम देणे आणि प्रासंगिक वापराला शिस्त लावणे, हा त्यावरील न्याय्य मार्ग आहे.

त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. वर्षभरात कोणती जागा किती दिवस कार्यक्रमांसाठी दिली जाईल, याचे वेळापत्रक महापालिका आणि संबंधित खात्यांनी आधीच जाहीर करावे. आयोजकांकडून अनामत घ्यावी आणि जमीन पूर्ववत झाल्याची पाहणी करूनच ती परत करावी. दोन कार्यक्रमांमध्ये हिरवळीला सक्तीची विश्रांती द्यावी. झाडांच्या बुंध्यांभोवती माती मोकळी राखावी. मोठ्या सोहळ्यांच्या दिवशी वाहने शहराच्या वेशीवर थांबवून तेथून बसची सोय करावी.

राजधानीचे मोठेपण ती पाहुण्यांसाठी किती सजते यावर जोखले जाते, तसेच तिच्या नागरिकाला कामावरून परतताना फुकटात बसायला किती सावली मिळते यावरही जोखले गेले पाहिजे. दोनशे वर्षांपूर्वी आखलेली मोकळी जागा आजच्या पणजीकरांच्या हाती सुस्थितीत आली, कारण आधीच्या पिढ्यांनी ती भरून टाकली नाही. पुढच्या पिढीला ती तशीच सोपवायची असेल, तर हंगामाचे वेळापत्रक ठरतानाच हिरवळीचाही विचार व्हायला हवा.