थायलंडमध्ये राहताय? ९० दिवसांचा रिपोर्ट पोस्टाने पाठवताना तारीख नीट मोजा

नोकरी, शिक्षण किंवा निवृत्तीसाठी दीर्घ मुदतीच्या व्हिसावर थायलंडमध्ये राहणाऱ्या परदेशी नागरिकाला दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो. नियम १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यातला. पत्ता बदलला नसला तरी कळवायचाच! ऑनलाइनच्या जमान्यात हे अतिच आहे, पण पाळावं लागतं.

पोस्टाची सोय चांगली. गोम आहे ती तारखेत. समजा, तुम्ही १ जानेवारीला उतरलात. तो दिवस पहिला धरला तर ९० वा दिवस येतो ३१ मार्चला (लीप वर्षात ३० मार्च). स्वतः कार्यालयात गेलात तर त्याआधीचे १५ आणि नंतरचे ७ दिवस चालतात. पोस्टाने मात्र १५ दिवस आधीच, म्हणजे १६ मार्चपर्यंत पाठवायला हवं. अट जाचक वाटते. पण कागद अपुरे निघाले तर कार्यालय गाठायला वेळ उरतो.

पाकिटात सही केलेला टीएम ४७ फॉर्म, पासपोर्टवरील फोटो, व्हिसा आणि शेवटच्या प्रवेश-शिक्क्याच्या पानांच्या झेरॉक्स, मागची पावती, शिवाय स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. रजिस्टर पोस्टच करा. पाकीट गहाळ झालं तर पोस्टाची पावती हाच तुमचा पुरावा. उशिराला साधारण २,००० बाट दंड आहे.

मध्येच मुंबईला येऊन गेलात तर परतल्यावर मोजणी पुन्हा एकपासून. आणि हा रिपोर्ट म्हणजे व्हिसाची मुदतवाढ नव्हे. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.